घरांतील पोंवळ्यांचा समुद्र

इ. स. १८४६ च्या शरद ऋतूंत ॲना थिन नांवाच्या एका इंग्रज बाईंनीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून कांहीं जिवंत पोंवळीं लंडनला नेलीं. वाटेंत तीं एकमेकांवर आपटूं नयेत म्हणून त्यांनीं तीं सुईदोऱ्यानें स्पंजावर टांचलीं आणि समुद्राच्या पाण्यानें भरलेल्या बरणींत सोडलीं. लंडनला पोंचल्यावर अडचण उभी राहिली ती पाण्याची. ताजें समुद्रजल तेथें रोज कोठून आणावयाचें? तेव्हां वेस्टमिन्स्टरच्या त्या घरांत एक नवा नित्यक्रम सुरू झाला. मोलकरणीनें उघड्या खिडकीपाशीं उभें राहावयाचें आणि तेंच पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत व दुसऱ्यांतून पहिल्यांत, असें रोज अर्धा-पाऊण तास ओतीत राहावयाचें. त्यायोगें पाण्यांत हवा मिसळे आणि पोंवळीं जगत. पुढच्या वर्षीं थिनबाईंनीं पाण्यांत समुद्रशेवाळ घालून पाहिलें. हा सर्व वृत्तान्त १८५९ त प्रसिद्ध झाला. आजच्या टाकींत अनेक पंप मिळून जें काम करतात, तें त्या काळीं एका मोलकरणीचे दोन हात करीत होते.

१८५३ त लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि १८५४ त फिलिप हेन्री गॉस यांचा ‘दि ॲक्वेरियम’ हा ग्रंथ निघाला. गोड्या पाण्यांत चार क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृतीहि गॉस यांनीं त्याच वर्षीं प्रसिद्ध केली. इंग्लंडांत या छंदाची एकच लाट उसळली. छिन्नी, हातोडी आणि बरण्या घेऊन स्त्रीपुरुष डेव्हनच्या खडकांवर उतरले. त्या लाटेचा परिणाम गॉस यांचे चिरंजीव एडमंड गॉस यांनीं १९०७ सालच्या आपल्या आत्मवृत्तांत नमूद करून ठेविला आहे. पित्यानें ज्या खडकांतील कुंडांची लोकांना गोडी लाविली, तींच कुंडें संग्राहकांनीं धुऊन नेलीं, आणि त्याचें दुःख पित्याला शेवटपर्यंत टोंचीत राहिलें.

घरांत पोंवळ्यांची टाकी मांडूं इच्छिणारानें ही हकीकत ध्यानांत ठेवून मगच पैशाची थैली सोडावी. टाकींत ठेवावयाचें तें पाणी. प्राणी त्यांत पुढें आपोआप राहतात, किंवा पाणी चांगलें नसल्यास मरतात आणि त्यांच्या जागीं समुद्रांतून दुसरे आणले जातात. हें दुसरें ज्याला टाळावयाचें आहे त्याला पहिले कांहीं महिने रिकाम्या टाकीकडे पाहत बसण्याची तयारी ठेवावी लागते.

मोठी टाकी म्हणजे मोठी जोखीम, असें नवशिक्याला वाटतें. वस्तुतः लहान टाकी अधिक घातक. वीस लिटर पाण्यांत एक मासा मरून पडला तर एका रात्रींत सगळें पाणी नासतें. सहाशें लिटरांत तोच अपघात पचून जातो. समुद्रांतील प्राण्यांना बदल सोसत नाहीं, आणि पाण्याचा साठा जितका मोठा तितका बदल सावकाश. मात्र मोठ्या टाकीला घरहि तयार असलें पाहिजे. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी धरली, तर तिच्यांत सुमारें ६८० लिटर पाणी मावतें. खारें पाणी गोड्याहून जड. त्याचेंच वजन ७०० किलोंच्या आसपास. त्यांत कांच आणि खडक मिळविले कीं ९०० किलो सहज होतात, आणि हा सारा भार केवळ बारा चौरस फुटांवर येतो. भारतीय मानकाप्रमाणें राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारें २०० किलो भार धरून आंखलेली असते. टाकीखालीं तोच आंकडा ८०० पर्यंत जातो. म्हणून तळमजला उत्तम. वरच्या मजल्यावर टाकी भिंतीलगत, तुळयांना आडवी ठेवावी, आणि त्यापूर्वीं इमारतीच्या अभियंत्याचा सल्ला घ्यावा. बैठक पाणसळ लावून पाहावी. टाकीचा एक कोपरा अधांतरीं राहिला तर कांच आज ना उद्यां तडकते.

टाकीखालच्या कपाटांत दुसरी लहान टाकी असते. वरचें पाणी कडेच्या खांचांतून तिच्यांत उतरतें, तेथें स्वच्छ होतें, आणि पंप तें पुन्हां वर चढवितो. वीज गेली कीं पंप थांबतो. परंतु खांचांच्या वरचें आणि नळांतील पाणी खालीं येतच राहतें. पाणी वर सोडणाऱ्या नळाचें तोंड पृष्ठभागाच्या फार खालीं असेल तर तो नळहि उलट ओढूं लागतो. खालच्या टाकींत या पाण्याला जागा ठेविली नसेल तर तें दिवाणखान्यांत येतें. यास्तव मीठ घालण्याच्या आधीं, साध्या पाण्यावरच, मुद्दाम पंप बंद करून काय होतें तें पाहून घ्यावें. ही पांच मिनिटांची परीक्षा टाळल्यामुळें पुष्कळांचे गालिचे गेले आहेत.

आतां पाणी. जें पाणी माणसाला पिण्यास योग्य तें पोंवळ्याला योग्य असतेंच असें नाहीं. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन माशांना बाधते. फॉस्फेटानें शेवाळ माजतें. आणि तांब्याचा अंश तर कोळंबी, गोगलगाय व पोंवळीं यांना विषासारखा आहे. म्हणून पाणी सूक्ष्म पडद्यांतून व क्षार शोषणाऱ्या राळेंतून गाळून जवळजवळ शुद्ध करावें लागतें, आणि मग त्यांत समुद्राच्या प्रमाणांत तयार केलेलें मिश्र मीठ विरघळवावें लागतें. स्वयंपाकघरांतलें मीठ येथें चालत नाहीं. लिटरला सुमारें ३५ ग्रॅम हें प्रमाण; म्हणजे वर सांगितलेल्या टाकीला जवळजवळ २४ किलो. मुंबईकराला समुद्र दाराशीं असतांना मीठ विकत घेणें हास्यास्पद वाटेल. परंतु शहरालगतच्या समुद्रांत सांडपाणी येतें, आणि पावसाळ्यांत नद्यांच्या पुरानें तेथील खारटपणा उतरतो.

येथें एक चूक हटकून होते. टाकींतलें पाणी रोज थोडें उडून जातें, आणि पातळी उतरलेली पाहून नवशिका त्यांत खारें पाणी ओततो. पाणी उडतें, पण मीठ उडत नाहीं. उडालेल्या पाण्याची भरपाई शुद्ध गोड्या पाण्यानेंच करावयाची असते. खारें पाणी घालावयाचें तें जुनें काढून टाकतांना. महिनाभर ही चूक होत राहिली तर प्राणी मान टाकतात आणि घरचीं माणसें दुकानदाराला दोष देतात.

पाणी खारें झालें, ऊन-थंडी बेताची झाली, तरी तें अद्याप समुद्राचें पाणी नव्हे. दूध आहे, विरजण नाहीं, अशी ती अवस्था. माशाची विष्ठा आणि उरलेलें अन्न कुजून अमोनिया होतो, आणि अमोनिया माशाचे कल्ले जाळतो. निसर्गांत एक जातीचे सूक्ष्मजंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसरे त्याचें नायट्रेट करतात, आणि सच्छिद्र खडकाच्या पोटांत, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं तेथें, तिसरे जंतु नायट्रेटाचा नायट्रोजन वायु करून सोडून देतात. या तीन पंगतींची वस्ती खडकावर झाल्याशिवाय टाकींत मासा सोडणें म्हणजे त्याला मारणें होय. जाकार्ता येथील ली चिन इंग यांनीं १९६१ त आपली रीत प्रसिद्ध केली, तीत हेंच मर्म होतें: समुद्रांतला सजीव खडक टाकींत ठेवावयाचा, हवेचे थोडे बुडबुडे सोडावयाचे, आणि पाण्याची शुद्धि खडकावर सोंपवावयाची. पुढें बर्लिनच्या हौशी मंडळींनीं त्याला प्रखर दिवे आणि फेंसाच्या यंत्राची जोड दिली. आज समुद्रांतला खडक फोडून आणण्याचें कारण उरलेलें नाहीं. कृत्रिम सच्छिद्र खडक घेऊन त्यावर जंतूंचें विरजण लावतां येतें. दही एका रात्रींत लागतें. याला चार ते सहा आठवडे लागतात.

या आठवड्यांत करावयाचें तें एवढेंच, कीं जंतूंना खाद्य म्हणून अमोनियाचा अल्प अंश घालावयाचा आणि दर दोन-तीन दिवसांनीं पाणी तपासून वहींत लिहावयाचें. प्रथम अमोनिया चढतो आणि उतरतो. मग नायट्राइट चढतें आणि उतरतें. दोन्ही शून्यावर आल्याखेरीज प्राण्याचें नांव काढूं नये. पूर्वीं या कामीं एखादा काटक मासा बळी दिला जाई. ती चाल आतां टाकून द्यावी हें बरें. त्यानंतर खडकावर तपकिरी मेण चढल्यासारखें शेवाळ येतें, मग हिरवें येतें, आणि ज्या वस्तूवर एवढा खर्च केला ती गटारासारखी दिसूं लागते. पुष्कळांची हौस नेमकी याच वेळीं संपते. जे थांबतात, चार गोगलगाई सोडतात आणि हात आंखडता ठेवतात, त्यांची टाकी कांहीं महिन्यांत आपोआप निवळते.

फेंसाच्या यंत्राची कल्पना गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला लगेच यावी. काहिलींत रस उकळतांना मळी वर येते आणि ती झाऱ्यानें काढून टाकतात. या यंत्रांतहि खाऱ्या पाण्यांत बारीक बुडबुडे सोडतात. पाण्यांतील सेंद्रिय मळ बुडबुड्यांना चिकटून फेंसाबरोबर वर चढतो आणि वाटींत सांचतो. ती वाटी धुणें हें या छंदांतलें सर्वांत घाणेरडें आणि सर्वांत समाधानाचें काम आहे. पाणी सतत हलतें ठेवण्यास वेगळे पंप लागतात. कठीण पोंवळ्यांसाठीं टाकींतल्या साऱ्या पाण्याच्या वीसपट किंवा अधिक पाणी दर तासाला फिरावें लागतें.

दिव्यांचें कारण वेगळें. थिनबाईंचीं पोंवळीं थंड समुद्रांतलीं होतीं. त्यांना उजेडाची गरज नव्हती. उष्ण समुद्रांतील प्रवाळभित्ति बांधणाऱ्या पोंवळ्यांच्या शरीरांत मात्र सूक्ष्म शैवाल राहतें, आणि तें प्रकाशावर अन्न करून यजमानाला देतें. दिवे निळसर, प्रखर आणि दिवसाला आठ-दहा तास हवेत. पाणी २५-२६ अंशांवर असावें. पाणी कांहीं दिवस जरी नेहमींपेक्षां दोन-तीन अंशांनीं अधिक तापलें तरी पोंवळें आपलें शैवाल बाहेर टाकतें आणि पांढरें पडतें. पुढें तें बहुधा मरतें. आपल्या उन्हाळ्यांत म्हणून शीतयंत्राची सोय करावी लागते. पृष्ठभागावर पंखा फिरविला तर पाणी उडून थोडा गारवा येतो, परंतु हा उपाय पुण्याच्या कोरड्या हवेंत जितका लागू पडतो तितका मुंबईच्या दमट हवेंत पडत नाहीं.

पोंवळें आपला सांगाडा चुन्याचाच बांधतें, आणि हा चुना तें पाण्यांतून उचलतें. लिटरमध्यें कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम राहावें असा नेम आहे. टाकी भरांत आली कीं तें रोज घटूं लागतें. त्यावरचा एक जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे चुन्याची निवळी. शुद्ध कळीचा चुना शुद्ध पाण्यांत ढवळून ठेवावा, वरची नितळ निवळी काढावी, आणि उडालेल्या पाण्याच्या जागीं ती रात्रभर थेंबथेंब टाकींत पडूं द्यावी. रात्रीं, कारण त्या वेळीं पाणी आम्लतेकडे झुकतें आणि निवळी तें सांवरते. पानाच्या डब्यांतला चुना यासाठीं वापरूं नये. आणि घाईनें सगळी निवळी एकदम ओतूं नये. पाणी दुधासारखें पांढरें होतें आणि सकाळीं पाहावयास कांहीं उरत नाहीं.

आतां प्राणी कोठून आणावयाचे? १९६० च्या सुमारापासून फिलिपाइन्सच्या समुद्रांत सायनाइड फवारून मासे गुंगवून धरण्याची दुष्ट रीत पडली. असा मासा कांहीं दिवस दिसतो बरा, पण पुष्कळदां पुढें मरतो, आणि जेथें विष फवारलें तें पोंवळेंहि जातें. विदूषक मासा मात्र माणसाच्या हाताखालीं अंडीं घालतो. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेंहि त्याची पैदास साधली आहे. तोच पहिला पाहुणा असावा. भारतांत कठीण पोंवळीं, काळें पोंवळें आणि समुद्रपंखे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं २००१ पासून पूर्ण संरक्षण आहे, समुद्रघोड्यालाहि आहे. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या खडकावरून एखादा तुकडा, मग तो मेलेला कां असेना, उचलून आणणें हा गुन्हा होय. मऊ जातीचें पोंवळें कोणी विकूं केलें तरी त्याचा उगम लेखी पाहिल्यावांचून घेऊं नये. येथल्या घरगुती टाकीनें मासे, कोळंबी, गोगलगाई व शेवाळ यांवर समाधान मानलें तर तिचें सौंदर्य कांहीं कमी होत नाहीं.

जेथें कायदा आडवा येत नाहीं, त्या युरोप-अमेरिकेंतले जाणते लोक कलमें लावतात. शेवग्याची फांदी तोडून रोवली तर रुजते. फांद्यांच्या पोंवळ्याचेंहि तसेंच आहे. बोटभर तुकडा कापून खडकाला चिकटविला कीं तो वाढूं लागतो, आणि एका टाकींतलें पोंवळें शंभर घरीं जातें. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयांत तर २०१३ त समुद्राचा ऋतु, चंद्रप्रकाश आणि उष्णता यांची नक्कल करून पोंवळ्यांना टाकींतच बीज सोडावयास लावलें.

शेवटचें विजेविषयीं. आपल्याकडे ती जाते, आणि बहुधा उन्हाळ्याच्या रात्रीं जाते. कोमट पाण्यांत प्राणवायु मुळांत कमी मावतो. पंप थांबल्यावर गजबजलेल्या टाकींतील मासे कांहीं तासांतच पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागतात. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप घरांत सदैव भारून ठेवावा. तोहि नसेल तर टाकींत खाऊ घालूं नये, झांकण काढावें, आणि घरांतल्या माणसांनीं पाळीपाळीनें तांब्याऐवजीं प्लॅस्टिकच्या मगानें पाणी उचलून हातभर उंचीवरून पुन्हां टाकींत ओतीत राहावें. दर पंधरा मिनिटांनीं पांच मिनिटें ओतलें तरी पुष्कळ होतें.