ऊस-वाहतुकीतील ट्रॅक्टर आणि ट्रेलर : ओढण्याचा भार व आवरण्याचा भार

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाल्यानंतर सोलापूर जिल्ह्यातील उसाखालचे क्षेत्र झपाट्याने वाढले. माळीनगर, श्रीपूर, अकलूज या जुन्या साखर-केंद्रांच्या जोडीस नवे कारखाने उभे राहिले आणि आज या एकाच जिल्ह्यात तीसहून अधिक कारखाने आहेत. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झाले की जिल्ह्याच्या रस्त्यांवर एक दृश्य नित्याचे होते. पुढे एक ट्रॅक्टर, त्यामागे उसाने शिगोशीग भरलेले दोन ट्रेलर आणि पुष्कळदा त्या उसावर बसलेले तोडणी-मजूर व त्यांची मुले. या गाडीचे वजन किती असावे, हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा राहत नाही, तो या वरच्या माणसांमुळे.

ट्रॅक्टर विकत घेताना ‘हा किती ओढतो?’ असे विचारले जाते, आणि उत्तर अश्वशक्तीत दिले जाते. प्रश्न अपुरा आहे आणि उत्तर त्याहून अपुरे. अश्वशक्तीवरून भार किती वेगाने ओढता येईल एवढेच कळते. गिअर खालचा घातला तर लहान इंजिनही मोठा भार हलवू शकते. प्रत्यक्षात मर्यादा येते ती चाकाच्या आणि जमिनीच्या पकडीमुळे. आणि ही पकड मागील चाकांवर पडणाऱ्या वजनाच्या प्रमाणात असते. भार ओढण्यासाठी व तो थांबविण्यासाठी ट्रॅक्टरपाशी ही एकच पुंजी आहे.

बैलगाडीच्या बाबतीत ही जाण जुनी आहे. गाडी पुढे जड भरली तर बैलांच्या खांद्यावर दाब येतो. मागे जड भरली तर ती उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यास फास बसतो. म्हणून गाडीवान माल पुढे-मागे सरकवून धुरेवर बेताचे वजन ठेवतो. ओढकामाच्या जनावरांसंबंधी १९६५ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांत जनावराचे आकारमान व चाकांचा प्रकार यांवरून भाराची कमाल मर्यादा ठरविली आहे. आणि वाटेत निदान एक किलोमीटरचा, ३० मीटरमागे ३ मीटरहून अधिक असा चढ असेल तर ती मर्यादा निम्मी धरावी, असेही म्हटले आहे. बैलासाठी चढाचा हिशेब कागदावर आला. ट्रॅक्टर दमत नाही, म्हणून असेल कदाचित, त्याच्या बाबतीत तो हिशेब शेताच्या बांधावर सहसा कोणी करीत नाही.

उलाळ होण्याचा प्रकार ट्रॅक्टरलाही लागू आहे. दोन चाकांच्या ट्रेलरचा काही भार जोडणीच्या हुकावर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या आसाच्याही मागे पडतो. त्याने मागील चाकांची पकड वाढते हे खरे, पण त्याच प्रमाणात पुढील चाके हलकी होतात. त्यातच चढ लागला व ओढ वाढली की पुढचा भाग उचलू लागतो आणि सुकाणू फिरविले तरी ट्रॅक्टर वळत नाही. सुकाणूच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा राहिला पाहिजे, असा सर्वसाधारण दंडक आहे. पुढे लोखंडी वजने लावण्याचे प्रयोजन हेच. हुक मात्र उंचावर कधीही घेऊ नये. ओढीची रेषा मागील आसाच्या वर गेली की ट्रॅक्टर मागे उलटण्यास वेळ लागत नाही.

परंतु खरा धोका चढापेक्षा उतारावर अधिक आहे, आणि तो आकड्यांवाचून ध्यानी येत नाही. उदाहरणादाखल २ टन वजनाचा ट्रॅक्टर घेऊ. त्यापैकी १.३ टन मागील चाकांवर आहे. त्यास प्रत्येकी १० टन भारसह वजनाचे, चार चाकांचे दोन ट्रेलर जोडले. एकूण वजन २२ टन. ट्रेलरना स्वतःचे ब्रेक नाहीत असे धरू. बहुसंख्य ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागील चाकांवर असतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.६ मानला तर ब्रेकचे कमाल बल सुमारे ०.७८ टन-भार भरते. चाकांच्या लोळण्यास होणारा विरोध एकूण वजनाच्या शेकडा २ धरला तर त्यातून ०.४४ टन-भार मिळतो. म्हणजे २२ टनांस आवरण्यास सव्वा टनाहूनही कमी बल.

ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी ही गाडी सपाट रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे २८ मीटरवर थांबेल. तोच ट्रॅक्टर एकटा असता तर ४ मीटर पुरतात. वेग ताशी ३० केला तर २८ चे सुमारे ६४ मीटर होतात. आता ३० मीटरमागे १ मीटर उतार घ्या. ताशी २० च्याच वेगाला ७० मीटरहून अधिक अंतर लागते. २० मीटरमागे १ मीटर उतारावर गुरुत्वाकर्षणाची खालची ओढ एकटीच १.१ टन-भार होते. थांबविणारे बल जेमतेम तिच्या बरोबरीस येते आणि गाडी तीनशे मीटरपर्यंत घसरत जाते. ब्रेक लावताच वजन पुढे सरकून मागील चाके आणखी हलकी होतात, हे या हिशेबात धरलेलेच नाही. खालच्या गिअरमध्ये उतरावे हा चालकांचा रिवाज योग्यच आहे, पण इंजिनाचा रोधही त्याच दोन चाकांमार्फत जमिनीस पोहोचतो. पकड सुटली की तोही संपला. मग मागचा भार ट्रॅक्टरला ढकलू लागतो आणि जोडणी सरळ रेषेत नसेल तर ट्रॅक्टर आडवा फिरतो. शेतात वळण्यासाठी डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे दाबता येतात. रस्त्यावर येताना दोन्ही पायपट्ट्या खिळीने जोडण्यास विसरल्यास हे अधिकच लवकर घडते.

सोलापूर जिल्हा बहुतांशी सपाट आहे, आणि हीच येथील फसगत आहे. दहा-बारा किलोमीटर वाट समतल, त्यामुळे भरलेला भार सुखाने चालतो व तोच योग्य वाटू लागतो. उतार येतात ते मोजक्या ठिकाणी : भीमा, सीना, नीरा यांवरील पुलांचे जोडरस्ते, रेल्वेवरील उड्डाणपूल, कालव्याचे भराव, काळ्या रानातून डांबरी रस्त्यावर चढणारी शेतवाट. मैदानी प्रदेशातील रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने ३० स एक हा नेहमीचा व २० स एक हा मर्यादेचा उतार मानला आहे. वरील उदाहरणात घेतलेले उतार म्हणजे हेच होत. भार ठरवावयाचा तो वाटेतील सर्वांत वाईट शंभर मीटरांवरून.

तसा तो ठरविला तर काय निघते? ३० स एक उतारावर ताशी २० वेगातून १५ मीटरमध्ये थांबावयाचे असेल, तर वरील ट्रॅक्टरमागे ब्रेक नसलेला ट्रेलर उसासह साडेचार टनांचाच हवा. ट्रेलरचे स्वतःचे वजन दीड टन धरल्यास ऊस ३ टन. २० किलोची एक मोळी असेल तर दीडशे मोळ्या. वाहतुकीचा मोबदला टनावर मिळत असता एवढ्या उसासाठी खेप करणे कोणासही परवडणार नाही, हे उघड आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंड ठेवला आहे. तरीही हंगामात भार उतरलेला दिसत नाही. मोबदल्याची पद्धत एका बाजूस ओढते आणि दंड दुसऱ्या.

म्हणून ट्रेलरच्या चाकांनाच ब्रेक बसविणे हा मार्ग उरतो. तेथे जितका भार अधिक तितकी पकडही अधिक, त्यामुळे थांबण्याचे अंतर भाराबरोबर तितके वाढत नाही. ट्रेलर पुढे ढकलू लागताच दांड्याच्या रेट्याने लागणारा ब्रेक स्वस्त पडतो; पण चढावर गाडी मागे घसरू लागली तर तो उपयोगी पडत नाही. चालकाच्या पायाखालून चालणारा हवेचा ब्रेक अधिक खात्रीचा, मात्र त्यासाठी ट्रॅक्टरवर हवा दाबणारा पंप लागतो.

तोवर वजनाची माहिती तरी वेळेवर हवी. प्रत्येक ट्रेलरचे भरलेले व रिकामे वजन कारखान्याच्या काट्यावर नोंदले जाते, परंतु ते उसाचा हिशेब करण्यासाठी आणि पूल ओलांडून झाल्यावर. हंगामाच्या आरंभीच्या चार-दोन खेपांच्या पावत्या व त्या खेपांतील मोळ्यांची संख्या ताडून पाहिली तर त्या फडातील मोळीचे सरासरी वजन निघते. पुढच्या खेपेचा भार मग फडातच, ट्रेलर भरत असताना मोजता येतो.