हवेचा आकडा आणि सेन्सरची बदनामी

डिझेल गाडीचं पिकअप गेलं, इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरने पी०१०१ कोड दाखवला, की एअर फ्लो सेन्सर बदलायचं जवळजवळ ठरूनच जातं. ही घाई ग्राहकाच्या खिशावर अन्याय करणारी आहे. या कोडचा अर्थ एवढाच, की आत येणाऱ्या हवेचा आकडा इंजिनच्या कॉम्प्युटरला पटत नाही. सेन्सर बसतो एअर फिल्टर आणि टर्बोच्या मध्ये. त्यातली तापवलेली बारीक पट्टी हवेने गार होते. तिचं तापमान टिकवायला किती करंट लागतो, त्यावरून हवेचं वजन कळतं. फिल्टर चोंदला, किंवा सेन्सर आणि टर्बोमधला पाइप फाटून हवा परस्पर शिरू लागली, तर आकडा कमी येणारच. सेन्सर तेव्हा खरं तेच सांगत असतो.

त्याची परीक्षा साध्या हिशेबाने घेता येते. स्विफ्ट आणि इंडिका व्हिस्टामध्ये आलेलं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन घ्या. चार सिलिंडर, म्हणजे प्रत्येकी ३१२ सीसी. समुद्रसपाटीला ३० अंश तापमानात लिटरभर हवेचं वजन साधारण १.१६ ग्रॅम, म्हणजे एका सिलिंडरमध्ये जेमतेम ३६० मिलिग्रॅम हवा मावेल. तो काठोकाठ भरत नाही, म्हणून आयडलिंगला ईजीआर व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना दर स्ट्रोकला ३०० च्या आसपास आकडा दिसायला हवा. महाबळेश्वरच्या विरळ हवेत त्याहून कमी. ईजीआर बंद असण्याची अट सोडून चालणार नाही. हा व्हॉल्व्ह जळलेला वायू पुन्हा इंजिनात सोडतो, तेवढी ताजी हवा कमी येते. काजळीने तो उघडाच अडकला, तर आकडा बराच घसरतो आणि बदनाम होतो सेन्सर.

अनुभवी मॅकेनिक म्हणतील, सेन्सरचं सॉकेट काढलं की गाडी पळते, आणखी काय पुरावा हवा? पण सॉकेट काढल्यावर अनेक गाड्यांत कॉम्प्युटर ईजीआरही बंद करतो. सुधारणा त्याचीही असू शकते. या चाचणीवरून संशय घेता येतो, निकाल देता येत नाही.

खात्री हवी तर मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन, शेजारी बसलेल्या माणसाने स्कॅनरवरचे आकडे बघावेत. टर्बोचा दाब ठीक आहे, कुठे गळती नाही, तरीही फेरे वाढताना हवेचा आकडा लवकरच अडखळतो आणि काळा धूर न येताच ताकद संपते, तर सेन्सर थकला असं मानायला हरकत नाही. कारण हवा कमी आहे असं समजून कॉम्प्युटरने डिझेलच आखडतं घेतलेलं असतं.