स्वस्त वस्तू बाजी का मारते?

दोन वस्तूंमधली सरस वस्तूच बाजारात जिंकणार, असे आपल्याला वाटते. कॉम्प्युटर आणि गेमिंगच्या जगात मात्र बऱ्याचदा उलटे घडले आहे.

१९८९ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘गेम बॉय’ हे हातात धरून खेळायचे यंत्र आणले. स्क्रीन हिरवट, रंग नाहीत, आतून उजेडही नाही. त्याच वर्षी अटारीचा ‘लिंक्स’ आला आणि पुढच्या वर्षी सेगाचा ‘गेम गिअर’. दोन्हींची स्क्रीन रंगीत आणि उजळ. दुकानात शेजारी ठेवले तर गेम बॉयकडे कोण बघणार?

पण अमेरिकेत गेम बॉयची किंमत सुमारे ९० डॉलर होती, तर लिंक्सची जवळपास १८० आणि गेम गिअरची १५०. खर्च तिथेच थांबत नव्हता. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर साधारण १५ तास चाले. बाकीच्या दोघांना सहा सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. म्हणजे यंत्र एकदा घ्यायचे आणि सेल मात्र रोज! पालकांच्या खिशाला ते परवडणारे नव्हते.

गेम बॉयमागे गुनपेई योकोई यांचा विचार होता. अगदी ताजे, महागडे तंत्रज्ञान घेण्यापेक्षा जुने, मुरलेले तंत्रज्ञान नव्या कामाला लावायचे. अशा सुट्या भागांची किंमत उतरलेली असते, त्यांचे दोष माहीत झालेले असतात आणि ते हवे तितके मिळतात. त्यामुळे यंत्र स्वस्त झाले, आणि दणकटही. शिवाय सोबत ‘टेट्रिस’ होता. त्याला रंगांची गरजच नव्हती!

पुढे चक्र सुरू झाले. यंत्र जास्त घरांत गेले, म्हणून कंपन्यांनी गेम त्याच्यासाठीच बनवले. गेम जास्त, म्हणून ग्राहकही जास्त. गेम बॉय आणि नंतरचा गेम बॉय कलर मिळून ११ कोटींहून अधिक विकले गेले. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला.

कॉम्प्युटरचेही तसेच झाले. १९८४ चा ॲपलचा मॅकिंटॉश माऊसने चालायचा, वापरायला सोपा होता. पण किंमत २,४९५ डॉलर, आणि तो बनवणार फक्त ॲपल. आयबीएमने १९८१ च्या पीसीसाठी प्रोसेसर इंटेलचा आणि ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची घेतली होती. ती इतरांनाही मिळत होती. मग अनेक कंपन्यांनी तसेच पीसी बनवले, स्पर्धा वाढली, भाव पडले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर असेंबल करून मिळू लागला, तो याच मोकळेपणामुळे.

अर्थात नुसते स्वस्त असून भागत नाही. ज्यावर हवे ते सॉफ्टवेअर चालत नाही, दुरुस्ती होत नाही, ती वस्तू फुकट मिळाली तरी महागच. स्वस्त वस्तू जिंकते ती ‘कामापुरती पुरेशी’ असते तेव्हा.

मुलांसाठी लॅपटॉप किंवा मोबाईल घेताना हाच हिशेब करावा. जाहिरातीत सर्वांत भारी कोणता, हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा: आपले काम यावर होईल का? पुढचा खर्च किती? बिघडला तर जवळपास दुरुस्त होईल का? उत्तरे समाधानकारक असली, तर कमी किमतीचा घेतल्याची लाज वाटायचे कारण नाही.