बंदी आहे, मग माल येतो कुठून?

मी मूळचा ढोकीचा, काम सॉफ्टवेअरचं. आजचा विषय घरात सहसा कुणी काढत नाही: ड्रग्जवर नुसती बंदी घालून भागतं का?

२०२५ मध्ये तुळजापूरचं एमडी प्रकरण गाजलं. एमडी म्हणजे मेफेड्रोन. ते एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत २०१५ मध्येच आलं. व्यापारी प्रमाणात सापडलं तर किमान १० वर्षं आत. तरी १० वर्षांत माल मुंबई-पुण्यावरून आपल्या जिल्ह्यात आलाच ना?

कारण बंदीनं मागणी संपत नाही, फक्त विकणारा बदलतो. नवा विकणारा ना वय विचारतो, ना पुडीत काय आहे ते सांगतो. त्याला लपवायला सोपा, म्हणजे कमी वजनाचा आणि जास्त कडक माल परवडतो.

दारूचं बघा. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली. त्यामागं बायकांचं मोठं आंदोलन होतं आणि त्यांचं दुखणं खरंच होतं. पण २०२१ मध्ये सरकारनं बंदी उठवली. कारण दिलं, अवैध दारू आणि गुन्हे वाढले. आता मुंबईतलं मालवणी. जून २०१५ मध्ये तिथं मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन १०० वर माणसं गेली. तिथं दारूबंदी नव्हती, बरोबर. पण ती दारू परवान्याच्या दुकानातली नव्हती, स्वस्तातली चोरटी होती. जिथं तपासणी नाही तिथं माणूस मरतो, आणि बहुतेक वेळा गरीबच मरतो.

मग एमडी पानटपरीवर ठेवायचं का? अजिबात नाही. माझं म्हणणं दोन भागांत आहे.

एक, ओढणारा आणि विकणारा वेगळे धरा. पोर्तुगालनं २००१ पासून स्वतःपुरता थोडा माल बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं. विकणं तिथं आजही गुन्हाच आहे.

दोन, गांजाला परवाना, वयाची अट आणि कर लावा. तो पैसा व्यसनमुक्तीला द्या. १९८५ च्या आपल्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे शेंडे. नुसती पानं आणि बिया त्यात धरलेल्याच नाहीत. म्हणजे एकाच झाडात फरक करायची सोय कायद्यानं आधीच केलीय.

यानं व्यसन संपेल असं मी म्हणत नाही. पण पोरगं अडकलंय हे कळल्यावर घरचे आधी पोलिसांना घाबरतात, मग अब्रूला, आणि डॉक्टर राहतो शेवटी. हा क्रम उलटा व्हायला पाहिजे.

तोवर एवढं ध्यानात ठेवा. याच कायद्यात कलम ६४अ आहे. सेवनाच्या किंवा थोड्या मालाच्या केसमध्ये अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. अर्धवट सोडले तर ही सवलत जाऊ शकते.

तुमच्या कट्ट्यावर कुणी अडकलं असेल, तर हा भाग त्याच्याआधी त्याच्या आईवडलांना ऐकवा. भेटू पुढच्या भागात.