कापसाच्या तेजीत उभा राहिलेला वाडा

मारेगाव, वणी, पांढरकवडा हा सगळा कापसाचा मुलूख. परदेशात पीक अडलं की इथला भाव चढतो, हे या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस विलायतेत पोचेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. मुंबईत पैशाला तोटा राहिला नाही. त्याच भरात, १८६४ साली, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी पुण्याबाहेर गणेशखिंडीत गव्हर्नरांसाठी प्रासाद बांधायला काढला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणतात ती हीच.

मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला मुक्कामाला येत. आधी त्यांचा बंगला दापोडीला होता, तो फ्रिअरना पुरेसा वाटला नसावा. नवी जागा इतिहासातली. ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशव्यांची फौज इंग्रजांशी लढली ती याच परिसरात. खडकीची लढाई हरली आणि काही दिवसांतच पुणे हातचं गेलं.

आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा. काळसर दगडाचं काम, ओळीनं कमानी आणि उंच चौकोनी मनोरा. मनोरा इटालियन थाटाचा. व्हिक्टोरिया राणीच्या ऑझबर्न हाउसशी त्याचं नातं जाणकार सांगतात. नीट पाहिलं तर यात किल्ल्यासारखं काही नाही. तटबंदी नाही, बुरूज नाहीत. १८५७ च्या उठावाला दहा वर्षंही झाली नव्हती, तरी राज्यकर्त्यांना आपली भीती लपवायची होती की मिरवायची होती, ते या मनोऱ्याकडे बघून कळत नाही.

१८६५ ला अमेरिकेतली लढाई थांबली आणि कापूस कोसळला. मुंबईतले सट्टेबाज बुडाले, पाठोपाठ बँक ऑफ बॉम्बेही गेली. वाडा मात्र चढतच राहिला. तो १८७१ ला पुरा झाला तेव्हा फ्रिअर विलायतेला परतून चार वर्षं उलटली होती. खर्चावरून बोंब झाली आणि ती रास्तच होती. शेतकऱ्याच्या घामावर चढलेली तेजी उतरली, तरी साहेबाचं बांधकाम थांबलं नाही.

या वास्तूचं नाव इतिहासात कोरलं गेलं ते २२ जून १८९७ च्या रात्री. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आणि आतषबाजी इथं झाली. प्लेगच्या बंदोबस्तात पुणेकरांची घरं धुंडाळणारा इंग्रज अधिकारी रँड बग्गीतून परत निघाला. गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधू टपून होते. दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, बाळकृष्ण चापेकरांनी मागच्या बग्गीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव आणि त्यांचे सहकारी महादेव रानडे, चौघंही फाशी गेले.

पुढं साहेब गेले आणि रिकाम्या वाड्याचं काय करायचं हा प्रश्न आला. १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी इथली चारशेहून अधिक एकर जागा विद्यापीठाला मिळवून दिली. हा निर्णय त्या बांधकामाइतकाच मोठा मानायला हवा. नाहीतर तिथं एखादं मोठं सरकारी कार्यालय बसलं असतं आणि भोवतीची जमीन तुकड्या-तुकड्यांनी वाटली गेली असती. पुढं याच आवारात जयंत नारळीकरांनी उभारलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आली. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं. गव्हर्नरांच्या वाड्यावर सावित्रीबाईंचं नाव, याची कल्पना फ्रिअरना आली नसती.

आपलं विद्यापीठ अमरावतीचं, हे खरं. तरी शिकायला, परीक्षेच्या तयारीला पुण्यात जाणारी पोरं आपल्या तालुक्यातही आहेत. त्यांनी एखाद्या सकाळी मुख्य इमारतीसमोर जरूर जाऊन यावं. तिच्या पायाशी कापसाचा पैसा आहे, हेही तेव्हा ध्यानात असू द्यावं.