हलका ट्रेलर, छोटी गाडी आणि मोठा रस्ता

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे मागे टाकत अंथुर्णे लागते. पुढे शेळगाव, निमगाव केतकी आणि मग इंदापूर. संत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने पंढरपूरला जाते. पाटस ते तोंडले-बोंडले हा पालखी मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग ९६५-जी म्हणून ओळखला जातो. त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. रस्ता रुंद झाला की वाहनांचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की वाहनामागे जोडलेल्या प्रत्येक वस्तूची परीक्षा सुरू होते.

या परिसरातील आपले व्यापारी आणि कारागीर बांधव बाजार, जत्रा आणि उरूस यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहेत. बागवान फळे घेऊन जातो, मणियार बांगड्या, अत्तार सुगंधी माल, तांबोळी निमगावची पाने. मंडपवाला जनरेटर ओढून नेतो, रसवंतीवाला चरक. पूर्वी हा माल टेम्पो भाड्याने घेऊन जात असे. आता अनेकांच्या दारात स्वतःची ओम्नी, टाटा एस किंवा बोलेरो आहे. तिच्यामागे दोन चाकांचा हलका ट्रेलर जोडला की भाडे वाचते. शिवाय दिवसा दुकान आणि रात्री मुक्कामाची जागा अशी दुहेरी सोय होते. परदेशात सहलीसाठी असे मुक्कामाचे ट्रेलर मोटारीमागे जोडण्याची पद्धत जुनी आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. म्हणजे हा विषय केवळ हौशी पर्यटकांचा राहिलेला नाही.

परंतु "ट्रेलर हलका आहे, त्यात काय एवढे?" हा समज घातक आहे, असे आम्हास स्पष्टपणे सांगावेसे वाटते. ट्रेलर किती हलका आहे याला फारसे महत्त्व नाही. पुढची गाडी त्याच्या मानाने किती जड आहे, ट्रेलरमधले वजन कोठे ठेवले आहे आणि वेग किती आहे, या तीन गोष्टींवर सारे अवलंबून असते.

गाडी आणि ट्रेलर यांचे प्रमाण

आपल्याकडे गाडीची ताकद इंजिनावरून मोजतात. चढाला ओढते ना, मग झाले! पण ओढणे सोपे असते, थांबवणे कठीण. मागचा ट्रेलर उतारावर किंवा ब्रेक मारताना गाडीला पुढे ढकलतो. ढकलणारा जड आणि अडवणारी हलकी असेल तर काय होईल, हे सांगावयास नको.

युरोपात यासाठी सोपे ठोकताळे आहेत. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर नवशिक्या चालकाने भरलेल्या ट्रेलरचे वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंतच ठेवावे, असा तेथे सल्ला देतात. ट्रेलरला ब्रेक नसतील तर त्याचे भरलेले वजन गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक नसावे, आणि कोणत्याही परिस्थितीत ७५० किलोच्या वर जाऊ नये.

आपल्याकडच्या बहुतेक लहान ट्रेलरना ब्रेक नसतात. म्हणून दुसरा हिशेब आपल्या कामाचा. मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, तरी जुन्या गाड्या अजून कामावर आहेत. तिचे वजन सुमारे ८०० किलो. निम्मे म्हणजे ४००. लोखंडी ट्रेलरच रिकामा २५० किलोचा असेल तर मालासाठी उरले अवघे १५० किलो! यावरून वेल्डरकडे ट्रेलर बनवताना जाड लोखंडाचा आग्रह धरणे किती महागात पडते, हे ध्यानात यावे. बोलेरोसारखी दीड टनाच्या पुढची गाडी असेल तर परिस्थिती बरी, पण तेथेही ७५० ची मर्यादा पाळावी.

अंदाजाने वजन ठरवू नये. साखर कारखानदारीच्या या पट्ट्यात वजनकाट्यांची वाण नाही. एकदा भरलेला ट्रेलर काट्यावर घालून पावती घ्यावी. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा दिली असेल तर तीच अखेरची मानावी. पुस्तिकेत ट्रेलर ओढू नये असे लिहिले असेल तर तो विचार सोडून द्यावा. मोटारसायकलीमागे गाडा जोडण्याचे प्रकारही दिसतात. ते तर जिवाशी खेळणेच होय.

बैलगाडीचा धडा

माल कसा भरावा हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. बैलगाडी भरताना मागे वजन जास्त झाले की गाडी उलाळ होई, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाई. म्हणून जाणता गाडीवान वजन आसाच्या किंचित पुढे ठेवून थोडा भार जुवावर येऊ देई. फार पुढे ठेवले तर बैलांच्या माना मोडत. ट्रेलरचे शास्त्र हेच आहे. फरक इतकाच की बैलगाडीत चूक झाली तर गाडी जागेवर उलटे. ट्रेलरमध्ये तीच चूक ताशी ६० किलोमीटर वेगात उघडी पडते.

मागे वजन असलेला ट्रेलर वेग वाढताच शेपटीसारखा डावी-उजवीकडे डोलू लागतो. शेजारून एसटी किंवा मालट्रक जोरात गेला, आडवा वारा लागला किंवा उतार आला की डोलणे वाढते. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेवटी ट्रेलर गाडीलाच फिरवून टाकतो.

युरोपात ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के, तर अमेरिकेत १० ते १५ टक्के भार जोडणीच्या टोकावर ठेवतात. आपण मधला मार्ग धरू. ५०० किलोच्या ट्रेलरला टोकावर ४० ते ५० किलो भार पुरे. दुकानातला सपाट वजनकाटा घ्या, ट्रेलर आडवा समतल ठेवा आणि दांड्याचे टोक काट्यावर टेकवा. आकडा कमी दिसला तर जड पेटी पुढे सरकवा, जास्त दिसला तर मागे. पाच मिनिटांचे काम आहे. मात्र गाडीच्या पुस्तिकेत किंवा हुकावर या भाराची मर्यादा दिली असेल तर ती ओलांडू नये. जड वस्तू खाली आणि आसाजवळ, हलक्या वर, आणि सर्व दोराने वा पट्ट्याने घट्ट बांधलेल्या असाव्यात. वाटेत माल सरकला तर काट्यावर केलेला हिशेब व्यर्थ जातो. पाण्याची टाकी अर्धी भरून नेऊ नये. आत हिंदकळणारे पाणी ट्रेलर हलवते. टाकी पूर्ण भरावी किंवा रिकामी न्यावी.

जोडणी, साखळी आणि चाके

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला पिन चालते, कारण ट्रॅक्टर संथ चालतो. तीच सैल पिन जीपमागे लावली तर प्रत्येक ब्रेकला धक्का बसतो आणि भोक मोठे होत जाते. मोटारीसाठी गोळा आणि त्यावर बसणारी वाटी अशी जोडणी योग्य. येथे एक बारकावा आमच्या कारागिरांनी ध्यानात ठेवावा. युरोपीय गोळा ५० मिलिमीटरचा, तर अमेरिकी गोळा दोन इंचाचा म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा असतो. फरक डोळ्यांना दिसत नाही, पण लहान गोळ्यावर मोठी वाटी बसवली तर ती खड्ड्यात उसळून सुटू शकते. गोळा आणि वाटी एकाच मापाची, शक्यतो एकाच ठिकाणची घ्यावी.

गाडीच्या मागे कंपनीने दिलेला छोटा हूक बंद पडलेली गाडी ओढून काढण्यासाठी असतो. त्याला ट्रेलर कायमचा जोडू नये. ट्रेलरचा हूक गाडीच्या चासीला बोल्टने बसवलेला हवा. नुसत्या बंपरला वेल्ड केलेला हूक बंपरसकट निघून येतो.

दोन साखळ्या अवश्य लावाव्यात, त्याही दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन. जोडणी सुटली तरी दांडा या झोळीत अडकतो, जमिनीत रुतत नाही. साखळी वळणावर ताणू नये इतकी सैल, पण रस्त्यावर घासू नये इतकी आखूड हवी.

जत्रेचा ट्रेलर वर्षातील कित्येक महिने उभाच असतो. टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर उन्हाने मरते. टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तो बनला. बाजूला बारीक भेगा पडलेला जुना टायर वापरू नये. बेअरिंगमध्ये ग्रीस आहे का, तेही पाहावे. निघाल्यावर वीसेक किलोमीटरवर थांबून चाकाच्या मध्यभागी सावधपणे हात जवळ न्यावा. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार तापले असेल तर बेअरिंग गेले समजावे. नटही त्याच वेळी पुन्हा आवळावेत.

रस्त्यावर

ताशी ४० वरून ६० वर गेलात तर वेग दीडपट होतो, पण थांबवावी लागणारी ताकद सव्वादोन पट होते. ताशी ६० वेगात चालकाने ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून रस्ता कितीही मोकळा दिसला तरी ब्रेक नसलेला ट्रेलर मागे असताना ४० ते ५० चा वेग पुष्कळ झाला. पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवावे. पुण्याकडे जाताना दिवेघाटासारखा उतार आला तर वरच खालचा गिअर टाकावा. मध्येच ब्रेक तापल्यावर गिअर शोधू नये.

ट्रेलर डोलू लागला तर काय करावे, हे घरून निघण्यापूर्वीच पाठ हवे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवावे. जोराने ब्रेक मारू नये, डोलण्याच्या उलट स्टिअरिंग फिरवू नये आणि वेग वाढवून सरळ करण्याचा मोह तर मुळीच धरू नये. वेग उतरला की डोलणे आपोआप थांबते. मग बाजूला घेऊन माल पुढे सरकवावा.

मागे घेताना अनेकांची फजिती होते. सोपी युक्ती अशी की हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवावा. ट्रेलरची शेपटी ज्या बाजूला न्यायची, त्या बाजूला हात सरकवावा. मोकळ्या मैदानात अर्धा दिवस सराव केला की बाजारातल्या बोळात चारचौघांत घाम फुटत नाही.

ऊसतोडणीच्या हंगामात या रस्त्यावर रात्री ट्रॅक्टर आणि ट्रॉल्यांची रांग असते. दिवा नसलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही, हे आपण सारे जाणतो. मग आपला ट्रेलरही तसाच का असावा? मागे लाल दिवे, ब्रेकचा दिवा, वळणाचे दिवे आणि रिफ्लेक्टर यांस फार खर्च येत नाही. ट्रेलरमध्ये माणसे बसवून वा झोपवून नेऊ नये, कामगारही नव्हे आणि घरची मुलेही नव्हे. गॅसची टाकी असेल तर तिचा खटका बंद करून ती उभी बांधावी.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलर हेही वाहनच आहे. त्यालाही नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरच्या मागे दिसावा लागतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांसाठी एमएच-४२ हे बारामतीचे परिवहन कार्यालय आहे. ट्रेलर आधी बनवून मग तेथे जाणे हा उलटा क्रम होय. कोणता आराखडा नोंदला जातो हे आधी विचारावे. गाडीच्या मूळ रचनेत बदल होणार असेल तर कलम ५२ खाली परवानगीचा प्रश्नही तेथेच सोडवावा.

परवान्याबाबत मात्र दिलासा आहे. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली म्हणून चालकाचा ट्रॅक्टरचा परवाना निरुपयोगी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी प्रकरणात म्हटले. हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक ७५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवू शकतो, असा निर्णय घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. पण विम्याची गोष्ट वेगळी आहे. ट्रेलरचा उल्लेख पॉलिसीत असल्याची लेखी खात्री करून घ्यावी. अपघातानंतर नुकसानभरपाईचा बोजा घरावर आला तर वर्षानुवर्षांची कमाई एका दिवसात जाते.

कारागिरांस दोन शब्द

आपल्या समाजात वेल्डिंग, फॅब्रिकेशन आणि गॅरेजचे काम करणारे हात पुष्कळ आहेत. वाहनांची तपासणी करणारी एआरएआय ही १९६६ पासूनची संस्था पुण्यातच आहे. गिऱ्हाईक "स्वस्तात करून द्या" म्हणेल. तरी आस योग्य जागी, बोल्टचा हूक, दोन साखळ्या आणि दिव्यांची जोडणी यांशिवाय ट्रेलर दुकानाबाहेर जाऊ न देणारा कारागीर पुढे टिकेल. वजन आणि टोकावरचा भार लिहिलेली एक पत्र्याची पट्टी ट्रेलरवर ठोकून दिली, तर ती त्याच्या कामाची हमी ठरेल.

व्यापारी बांधवांनीही भाड्याच्या टेम्पोचे वाचलेले पैसे पहिल्या वर्षी साखळी, टायर, दिवे आणि विमा यांवर खर्च करावेत. नफ्याचा हिशेब दुसऱ्या वर्षापासून मांडावा. माल बाजारात पोहोचला आणि माणूस रात्री सुखरूप घरी परतला, तरच तो धंदा म्हणावा.