मतदानावाचून निकाल

सुरत शहराच्या दक्षिण अंगाला असलेले उधना हे नाव खानदेशातील घराघरांत परिचित आहे. मुंबईहून येणाऱ्या लोहमार्गाला ताप्तीच्या खोऱ्यातून भुसावळकडे जाणारा फाटा येथेच फुटतो. त्या फाट्याने नंदुरबार, धुळे आणि जळगाव या जिल्ह्यांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या यंत्रमागांच्या खडखडाटात आपली भाकरी शोधावयास आली. उधना आणि लिंबायत या वस्त्यांतून आजही अहिराणी बोली कानी पडते ती त्यामुळेच.

दिनांक ७ मे २०२४ रोजी या उधन्यातील मतदाराने रांगेत उभे राहून लोकसभेसाठी मत दिले. त्याच शहरातील वराछा, करंज किंवा कतारगाम येथील मतदाराला मात्र त्या दिवशी मतदान केंद्राची वाट धरण्याचे कारणच उरले नव्हते. महानगर एक असले, तरी उधना, लिंबायत, मजुरा आणि चोर्यासी हे विधानसभा मतदारसंघ नवसारी लोकसभा मतदारसंघात मोडतात. आणि सुरत लोकसभा मतदारसंघाचा निकाल मतदानाच्या पंधरा दिवस आधीच, २२ एप्रिल रोजी, लागून गेला होता. एकाच शहरात काही वस्त्यांत बोटाला शाई लागावी आणि शेजारच्या वस्त्या कोरड्या राहाव्यात, हे दृश्य विचार करावयास लावणारे आहे.

घडले ते असे. काँग्रेसचे उमेदवार नीलेश कुंभाणी यांच्या अर्जांवरील सूचकांनी, या सह्या आमच्या नव्हेत, असे प्रतिज्ञापत्रावर लिहून दिले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने ते अर्ज फेटाळले. पक्षाच्या पर्यायी उमेदवाराचा अर्जही त्याच वाटेने गेला. दुसऱ्या दिवशी रिंगणातील उरलेल्या आठही उमेदवारांनी एकामागून एक माघार घेतली आणि भारतीय जनता पक्षाचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आल्याचे घोषित झाले. पुढे काँग्रेसने आपल्याच उमेदवारास सहा वर्षांसाठी निलंबित केले. पडद्याआड काय शिजले, कोणी कोणास काय सांगितले, हा न्यायनिवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. आम्हांस पुसावयाचे आहे ते एवढेच, की या सर्व घडामोडींत मतदार कोठे होता?

यावर उत्तर तयार असते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ५३ सांगते, की जागा एक आणि उमेदवार एक असेल तर त्यास तत्काळ निर्वाचित घोषित करावे. शिवाय सुरतेत त्या पक्षाचा पराभव होण्याची शक्यता होतीच कोठे? २०१९ मध्ये दर्शना जरदोश येथून पाच लाखांहून अधिक मताधिक्याने विजयी झाल्या होत्या. मग मतदान झाले काय आणि न झाले काय!

हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, पण उधन्याकडे पाहिले की त्याचे पोकळपण ध्यानी येते. नवसारीत सी. आर. पाटील हे खानदेशचे सुपुत्र सात लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. तेथेही निकालाविषयी फारशी शंका कोणास नव्हती. तथापि मतदान झाले, आणि पराभूत उमेदवारासही दोन लाखांहून अधिक मते पडली. त्या दोन लाखांचे म्हणणे मोजले गेले, नोंदले गेले. आणि म्हणूनच विजेत्याच्या सात लाखांच्या आघाडीलाही वजन आले. विरोधाची मोजदाद झाल्यावाचून पाठिंब्याची मोजदाद होत नसते. सुरतेतील विजेत्यास पाठिंबा किती आणि विरोध किती, हे त्या निवडणुकीपुरते कोणासही सांगता येणार नाही. खुद्द विजेत्यासही नाही.

बिनविरोध निवड ही सदासर्वदा निंद्य असते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. चिनी आक्रमणानंतर संरक्षणमंत्रिपदी गेलेले यशवंतराव चव्हाण १९६३ साली नाशिकच्या पोटनिवडणुकीत बिनविरोध निवडून आले, तेव्हा राष्ट्रावरील संकटाची छाया सर्वांच्याच मनावर होती. समजून उमजून दिलेली संमती वेगळी आणि पर्यायच नाहीसा झाल्यामुळे आलेले मौन वेगळे. दुर्दैवाने कायद्यास या दोहोंतील भेद दिसत नाही.

सुरतेला वादग्रस्त निवडीचा इतिहास नवा नाही. डिसेंबर १९०७ मध्ये ताप्तीकाठी काँग्रेसचे अधिवेशन भरले ते मुळात नागपुरास व्हावयाचे होते. नागपुरात टिळकपक्षाचा जोर अधिक. आणि अधिवेशन ज्या प्रांतात, त्या प्रांताचा अध्यक्ष नसावा असा प्रघात. तेव्हा मुंबई इलाख्यातील सुरत निवडली जाताच लोकमान्यांच्या अध्यक्षपदाची वाट आपोआप बंद झाली. राशबिहारी घोष यांच्या नावाला विरोध असलेल्या टिळकांना व्यासपीठावर बोलू दिले गेले नाही. पुढे जोडा आला, खुर्च्या आल्या, पोलीस आले आणि काँग्रेस दुभंगली. टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, ते मंडालेस गेले. दुभंगलेली काँग्रेस सांधली गेली ती १९१६ मध्ये लखनौस. ज्याचे म्हणणे सभेत ऐकले जात नाही तो सभेबाहेर जातो, आणि त्याची किंमत दोन्ही पक्षांस मोजावी लागते, हा सुरतेचा धडा आहे.

लोकशाहीची ज्येष्ठ प्रयोगशाळा म्हणविणाऱ्या अमेरिकेनेही अशी किंमत मोजली आहे. १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत टिल्डन यांना जनतेची मते अधिक मिळाली, पण निर्वाचक मतांत ते एका मताने कमी पडले. वीस मते वादात होती. पंधरा जणांच्या आयोगाने आठ विरुद्ध सात अशा बहुमताने ती सर्व हेस यांना दिली आणि हेस १८५ विरुद्ध १८४ असे अध्यक्ष झाले. पाठोपाठ दक्षिणेतील राज्यकारभाराला आधार देणारे संघराज्याचे सैन्य मागे घेतले गेले. नेत्यांचा तंटा मिटला. परंतु नुकताच मताधिकार मिळालेल्या कृष्णवर्णीयांना तो पुन्हा परिणामकारकपणे मिळण्यास १९६५ चा कायदा यावा लागला. तडजोड ज्यांच्या जिवावर झाली, ते तडजोडीच्या बैठकीत नव्हतेच. २००० साली फ्लोरिडात ५३७ मतांच्या फरकावरून देश सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला. पण तेथे भांडण होते ते पडलेल्या मतांवरून. सुरतेत भांडावयास मतच नव्हते.

हा रोग केवळ गुजरातचा, असे समजून आपण महाराष्ट्रीयांनी निश्चिंत राहू नये. उधन्याहून निघालेली गाडी ज्या नंदुरबारास पोहोचते, त्या जिल्ह्यातील खोंडामळी आणि नाशिक जिल्ह्यातील उमराणे या ग्रामपंचायतींत पदांचे लिलाव झाल्यामुळे राज्य निवडणूक आयोगास जानेवारी २०२१ मध्ये तेथील निवडणूक रद्द करावी लागली. ‘बिनविरोध’ या सोज्ज्वळ शब्दाखाली काय काय झाकता येते, याचे हे घरचेच उदाहरण.

उपाय अवघड नाहीत. सूचकांच्या सह्यांची खातरजमा अर्ज स्वीकारतानाच, सूचकास समक्ष उभे करून व्हावी. फेटाळलेल्या अर्जाविरुद्ध मतदानापूर्वी दाद मागता यावी. १९५२ च्या पोन्नुस्वामी निकालापासून ती निवडणूक उरकल्यावरच मागता येते, म्हणजे वरात गेल्यावर मुहूर्ताचा वाद. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उमेदवार एकच उरला तरी मतदान व्हावे. २०१३ पासून मतदारास ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आहे. महाराष्ट्राच्या निवडणूक आयोगाने तर २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी त्यास काल्पनिक उमेदवाराचा दर्जा दिला. ज्या क्षणी हा अधिकार सर्वाधिक उपयोगी पडावा, नेमक्या त्याच क्षणी तो हिरावला जावा, ही विसंगती संसदेने दूर केलीच पाहिजे.

खर्चाची सबब कोणी सांगेल. मतदान केंद्रे उघडण्यास पैसा लागतो हे खरे. पण ताप्तीच्या खोऱ्यातून पोटासाठी आलेल्या मागवाल्याला पाच वर्षांतून एक दिवस मालकाच्या बरोबरीने रांगेत उभे राहता येते. त्या एका दिवसाचा हिशेब रुपयांत मांडणाऱ्यांनी उधन्याच्या एखाद्या चाळीत जाऊन तो मांडून दाखवावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.